कृत्रिम फुले की नवी पालवी? : इंग्रजीतील प्राणिध्वन्यनुकारी शब्दांचा पुनर्विचार

१

भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ध्वन्यनुकारी शब्दांच्या वाट्याला साधारणपणे एखादा परिच्छेद येतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा सिद्धान्त मांडून झाल्यावर त्याला अपवाद म्हणून हे शब्द दाखवले जातात. हे अपवाद संख्येने थोडे व महत्त्वाने गौण आहेत, असे सांगितले जाते आणि विवेचन पुढे सरकते. इंग्रजीच्या बाबतीत या परिच्छेदातील उदाहरणेही ठरून गेलेली आहेत : गाईचे 'मू', मेंढीचे 'बा', कुत्र्याचे 'बाउ-वाउ' किंवा 'वूफ', मांजराचे 'मिआउ', बदकाचे 'क्वॅक', डुकराचे 'ऑइंक', कोंबड्याचे 'कॉक-अ-डूडल-डू'. हे सारे शब्द घरगुती, बोलण्यातले आणि पुष्कळसे बाळबोलीतले. इंग्रजीत याच ध्वनींसाठी प्रौढ, प्रतिष्ठित क्रियापदे आहेत. गाय 'लो' करते, मेंढी 'ब्लीट' करते, घोडा 'नेय' करतो, डुक्कर 'ग्रंट' करते. काव्यात, धर्मग्रंथाच्या भाषांतरात, गंभीर गद्यात या दुसऱ्या शब्दांना मान असतो. पहिल्यांची जागा पाळण्यापाशी आणि चित्रांच्या पुस्तकात.

या दोन स्तरांमधील सामाजिक अंतर खरे आहे. परंतु सामाजिक अंतरावरून भाषावैज्ञानिक मूल्य ठरवण्याची जी सवय अभ्यासकांना लागली आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. अनौपचारिक मानले गेलेले हे शब्द भाषेच्या कडेला साचलेला गाळ नव्हेत. प्रतिष्ठित शब्दांतून जो ध्वनी कालौघात झिजून नाहीसा झाला, तो भाषा या शब्दांच्या द्वारा पुन्हा मिळवते. ही प्रक्रिया ओळखली नाही, तर इंग्रजीचा एक महत्त्वाचा व्यापार अभ्यासातून निसटतो. आणि तीच दृष्टी मराठीकडे वळली, की अधिक नुकसान होते.

२

हा वाद इंग्रजीतला म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचे मूळ रूप भारतीय परंपरेला परिचित आहे. यास्काने निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायात 'काक' हा शब्द पक्ष्याच्या आवाजाची अनुकृती असल्याचे सांगितले आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असा प्रकार पुष्कळ आढळतो, अशी पुस्तीही जोडली आहे. लगेच त्याने औपमन्यवाचे विरोधी मत नोंदवले आहे. औपमन्यवाच्या मते शब्दानुकृती असे काही नसतेच. कावळा हा हाकलून द्यावा असा पक्षी, म्हणून त्याला ते नाव. प्रत्येक नामाच्या मुळाशी अर्थवान क्रिया असली पाहिजे, या आग्रहापुढे कानाला ऐकू येणारी साक्षही दुय्यम ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. पाणिनीची भूमिका मात्र वेगळी. त्याने 'अव्यक्तानुकरण' ही कोटी मान्य करून अशा शब्दांना प्रत्यय कसे लागतात याची स्वतंत्र सूत्रे दिली. या शब्दांची उत्पत्ती काहीही असो, त्यांना व्याकरण आहे, हे त्याने गृहीत धरले.

मॅक्स म्युलरने १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भाषाशास्त्रावर जी व्याख्याने दिली, त्यांत औपमन्यवाचीच बाजू नव्या शस्त्रांनी लढवली गेली. भाषेचा उगम प्राण्यांच्या आवाजाच्या अनुकरणातून झाला, या मताची त्याने 'बाउ-वाउ' सिद्धान्त या नावाने टवाळी केली. नाव ठेवण्यासाठी निवडलेला हा शब्द लक्षणीय आहे. प्रतिपक्ष खोडून काढण्याआधीच त्याला बाळबोलीतील शब्द चिकटवून हास्यास्पद करण्याची ही युक्ती होती, आणि ती इतकी यशस्वी झाली की भाषेच्या उगमाविषयीच्या मतांची यादी करताना पाठ्यपुस्तके हेच नाव देतात. म्युलरचा मुख्य युक्तिवाद असा की, 'कुकू'सारखे शब्द कृत्रिम फुलांसारखे असतात. त्यांना मूळ नसते; ज्या एका वस्तूचे ते अनुकरण करतात तिच्यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही; ते वांझ असतात. उलट 'पाहणे' या अर्थाच्या एका धातूपासून शब्दांचा केवढा तरी विस्तार झालेला आहे.

भाषेच्या उगमाविषयीची मते बाजूला ठेवली, तरी वांझपणाचा हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही. ज्या 'कुकू'चे उदाहरण म्युलरने दिले, त्याच पक्ष्याच्या नावापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'ककोल्ड' हा शब्द तेराव्या शतकातच आलेला होता. परक्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्यावरून, ज्याची पत्नी परपुरुषाशी रत आहे अशा पतीसाठी हा शब्द रूढ झाला. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'च्या शेवटच्या गीतात कोकिळाचा आवाज विवाहित पुरुषांना बोचतो, तो या शब्दाच्या स्मरणामुळेच. अमेरिकी बोलीत पुढे 'कुकू' म्हणजे डोक्याने फिरलेला, असाही अर्थ झाला. ध्वनी, पक्षी, पक्ष्याची सवय, मनुष्याची अवस्था आणि शेवटी वेडसरपणा एवढा प्रवास केलेल्या शब्दाला वांझ म्हणणे कठीण आहे.

म्युलरचा समकालीन हेन्सली वेजवुड याने आपल्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशात अनुकरणाची बाजू हिरिरीने मांडली. हा कोश १८५९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. दिसेल तेथे अनुकरण शोधण्याच्या उत्साहामुळे मात्र त्याचे पुष्कळसे निर्णय टिकले नाहीत. हा धोका अजूनही आहे. इंग्रजीत भोंदू वैद्याला 'क्वॅक' म्हणतात. म्हणून तो थेट बदकावरून आला, असे समजणे सोपे वाटते. परंतु तो डच भाषेतून आलेल्या 'क्वॅकसाल्वर' या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे आणि त्याच्या मुळाशी मलमांविषयी बडबड करणाऱ्याची कल्पना आहे. सारख्या ध्वनीवरून नाते जोडण्याआधी शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. पण हा नियम सर्वच शब्दांना लागू आहे. अनुकारी शब्दांपुरता तो कडक करण्याचे कारण नाही.

३

१९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात फर्दिनां द सोस्यूरने या शब्दांविषयी अधिक संयत भूमिका घेतली. असे शब्द थोडे असतात. जे असतात तेही ध्वनीचे ढोबळ आणि अर्धेअधिक रूढीने ठरलेले अनुकरण असते. आणि एकदा भाषेत शिरल्यावर तेही इतर शब्दांप्रमाणे ध्वनिपरिवर्तनाच्या अधीन होतात. या शेवटच्या मुद्द्यासाठी त्याने 'पिजन' या शब्दाचे उदाहरण दिले. लोकभाषिक लॅटिनमधील 'पीपिओ' हा पिलाच्या चिवचिवण्याचे अनुकरण करणारा शब्द. त्याचा फ्रेंचमध्ये 'पिजाँ' आणि तेथून इंग्रजीत 'पिजन' झाला. या रूपात पक्ष्याचा आवाज कोणालाही ऐकू येणार नाही.

हे निरीक्षण अचूक आहे, पण ते निम्मेच आहे. सोस्यूरने शब्दातून ध्वनी निघून जाताना पाहिला; तो परत येताना पाहिला नाही. 'पीपिओ' मुका झाला, तरी इंग्रजीने पिलांच्या आवाजासाठी 'पीप' आणि 'चीप' हे शब्द घडवले, आणि कबुतराच्या घुमण्यासाठी 'कू' हा शब्द घडवला. जुना शब्द पक्ष्याचे नाव म्हणून राहिला. आवाजाची जबाबदारी नव्या शब्दांनी घेतली.

इंग्रजीच्या इतिहासात हा क्रम पुनःपुन्हा दिसतो. प्राचीन इंग्रजीत गाईच्या हंबरण्यासाठी 'ह्लोवन' हे क्रियापद होते. आरंभीचा हकार गेला, पुढे स्वर बदलला आणि आजचा 'लो' उरला. तो आज पुस्तकी झाला आहे आणि त्यात गाय ऐकू येत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून 'मू' लेखनात दिसू लागतो. घोड्याच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट आहे. प्राचीन इंग्रजीतील 'ह्नॅगन' या रूपात हकार आणि अनुनासिक यांच्या जोडणीने खिंकाळण्याचा आभास होत असे. तो हकार लोपला, मधला व्यंजनध्वनी विरला आणि 'नेय' शिल्लक राहिला. सोळाव्या शतकात 'व्हिनी' हा नवा शब्द पुढे आला आणि त्याने घोड्याचा आवाज पुन्हा भाषेत आणला. खुद्द 'कुकू' हाही दुसऱ्या पिढीचा शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत या पक्ष्याला 'येआक' म्हणत. तोही मुळात अनुकारी, पण जर्मानिक ध्वनिनियमांनी त्याचे रूप इतके पालटले की पक्षी आणि शब्द यांची ताटातूट झाली. तेराव्या शतकात फ्रेंचच्या आधाराने नवे रूप आले. पुढे इंग्रजीतील दीर्घ 'ऊ'चा 'आउ' होण्याचा व्यापक बदल घडला, 'हूस'चा 'हाउस' आणि 'मूस'चा 'माउस' झाला. तरी 'कुकू'तील अंत्य स्वर टिकला. दर वसंतात पक्षी स्वतः शब्दाची आठवण करून देत असल्यामुळे येथे नियमाला माघार घ्यावी लागली, असेच म्हणावे लागते.

ऑटो येस्पर्सनने १९२२ च्या आपल्या ग्रंथात सोस्यूरच्या मताचा प्रतिवाद करताना असे प्रतिपादन केले की, भाषा काळाच्या ओघात ध्वनिसूचक शब्दांनी दरिद्री होत नाहीत, उलट समृद्ध होत जातात. वरील उदाहरणे त्याच्या बाजूने साक्ष देतात. त्यांना एक पुस्ती मात्र जोडली पाहिजे. हे समृद्धीकरण भाषेच्या प्रतिष्ठित स्तरावर क्वचितच घडते. लिखित, शिष्टसंमत शब्द ध्वनिनियमांच्या हाती सोपवलेला असतो. परंपरेने आलेले रूप सांभाळणे एवढेच तेथे अपेक्षित असते. नवे अनुकरण करण्याची मुभा असते ती मुलांशी बोलणाऱ्या आईला, गुराख्याला, शिकाऱ्याला, रस्त्यावरच्या विनोदाला. म्हणून नवा शब्द जन्मतो तो अनौपचारिक म्हणूनच. 'अनौपचारिक' हा शेरा त्याच्या दर्जाविषयी फार थोडे सांगतो. तो कोठे जन्मला, एवढेच सांगतो.

४

या शब्दांविरुद्धचा दुसरा आक्षेप असा की, प्राण्याचा आवाज सर्वत्र सारखाच असताना शब्द मात्र भाषेगणिक वेगळे असतात. तेव्हा त्यांत अनुकरणापेक्षा रूढीच अधिक आहे. इंग्रज कोंबडा 'कॉक-अ-डूडल-डू' म्हणतो, फ्रेंच 'कोकोरिको', जर्मन 'किकेरिकी', जपानी 'कोकेकोक्को' आणि मराठी 'कुकूच कू'. भेद उघड आहे. पण साम्यही तितकेच उघड आहे. पाचही भाषांत कंठ्य स्पर्श 'क' पुनरावृत्त झाला आहे. प्रत्येक भाषेने आपल्या वर्णव्यवस्थेतून आणि अक्षररचनेतून जो मार्ग मोकळा होता त्याने तो आवाज पकडला आहे. रूढी आणि अनुकरण हे एकमेकांचे शत्रू नाहीत. भाषेतील अनुकरण रूढीच्या साधनांनीच होते. इंग्रजीत लहान पक्ष्यांसाठी 'पीप', 'चीप', 'ट्वीट' असे उच्च तालव्य स्वराचे शब्द येतात आणि मोठ्या प्राण्यांसाठी 'मू', 'रोर' असे पश्च स्वराचे. मराठीतही 'चिवचिव', 'टिवटिव', 'किलबिल' एका बाजूला आणि 'हंबरणे', 'घुत्कार', 'डरकाळी' दुसऱ्या बाजूला पडतात. एवढी समांतरता निव्वळ योगायोगाने येत नाही.

ऐकणाऱ्याचे जग या अनुकरणात कसे शिरते, याचे सर्वांत चांगले उदाहरण भारतातच मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा पावशा महाराष्ट्रातील शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असे सांगतो. उत्तरेत तोच पक्षी 'पी कहाँ' असे विचारत प्रियकराचा शोध घेतो. भारतात राहिलेल्या इंग्रजांना त्याच तीन चढत्या स्वरांत 'ब्रेन-फीव्हर' ऐकू आले आणि त्यांनी पक्ष्याचे नावच 'ब्रेनफीव्हर बर्ड' ठेवले. एकच आवाज, एकाला त्यात पेरणीची घाई, दुसऱ्याला विरह, तिसऱ्याला उन्हाळ्याने डोक्यात चढलेला ताप. टिटवीचेही तसेच. तिचे मराठी नाव आणि संस्कृत 'टिट्टिभ' दोन्ही आवाजावरून आलेली. इंग्रजांनी मात्र तिच्या ओरडण्यात 'डिड ही डू इट' असा संशयी प्रश्न ऐकला. खुद्द ब्रिटनमध्ये टिटवीच्या कुळातील 'लॅपविंग'ला लोकबोलींत 'पीविट', 'टिविट', 'पीस्वीप' अशी प्रदेशागणिक नावे आहेत. शिष्ट नावापेक्षा ही लोकनावेच पक्ष्याच्या अधिक जवळची आहेत.

अनुकरणाला स्थळ असते, ही गोष्ट विसरली की काय होते, याचे उदाहरण 'रिबिट' या शब्दात आहे. बेडकाच्या आवाजासाठी इंग्रजीतला जुना शब्द 'क्रोक'. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'रिबिट' लोकप्रिय झाला. हा आवाज मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान वृक्षबेडकाचा. हॉलिवूड त्याच्या शेजारी असल्याने चित्रपटांतील कोणत्याही रात्रीला, कोणत्याही अरण्याला त्याचाच आवाज जोडला गेला आणि जगभरच्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचा बेडूक 'रिबिट' म्हणू लागला. मराठी मुलांच्या हातातील इंग्रजी चित्रपुस्तकांतही तो आता येतो. बाहेर खाचरात ओरडणारा बेडूक मात्र 'डरांव डरांव' असेच ओरडतो. एका ठिकाणच्या कानाने घडवलेला शब्द दुसऱ्या ठिकाणी पाठ केला जातो, तेव्हा तो अनुकरण राहत नाही. म्युलरने ज्याला कृत्रिम फूल म्हटले, ते खऱ्या अर्थाने येथे दिसते.

५

साहित्याने या शब्दांकडे कसे पाहिले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचा वाटेल. इंग्रजी साहित्याची साक्ष सिद्धान्तकारांच्या विरुद्ध जाते. जोनाथन स्विफ्टने १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये विवेकशील घोड्यांच्या जमातीला 'व्हिन्म' असे काहीसे उच्चारले जाणारे नाव दिले. ते घोड्याच्या खिंकाळण्याचेच लिखित रूप आहे. मनुष्यापेक्षा श्रेष्ठ ठरवलेल्या प्राण्यांचे नाव मनुष्याला नीट उच्चारता येऊ नये, हा उपरोध त्या अनुकृतीतूनच साधतो. जेम्स जॉइसची १९१६ ची आत्मपर कादंबरी 'मूकाउ' या बाळशब्दाला पहिल्याच वाक्यात स्थान देते. नायकाची भाषिक जाणीव जेथून सुरू होते तेथूनच कादंबरी सुरू होते. १९२२ च्या 'युलिसिस'मध्ये तोच लेखक मांजराला 'मिआउ' म्हणू देत नाही. तिच्या ओरडण्याची व्यंजनांनी गच्च भरलेली, उच्चाराला अवघड अशी वेगवेगळी लेखने तो करतो आणि प्रत्येक वेळी मांजराची निकड थोडी वाढलेली जाणवते. पहिल्या ठिकाणी रूढ अनुकृतीचे घरगुतीपण हवे होते, दुसऱ्या ठिकाणी रूढी मोडून पुन्हा ऐकणे हवे होते. या दोन्ही गोष्टी शक्य होतात, कारण असा शब्द रूढी आणि कान यांच्या मधोमध उभा असतो.

नाट्यगृहाच्या इतिहासात 'कॅटकॉल' हा शब्द याच कुळातला. मांजरासारखा कर्कश आवाज काढणारे हे मुळात एक छोटे वाद्य होते. न आवडलेल्या नाटकाविरुद्ध प्रेक्षक ते वाजवत. १७१२ मध्ये 'स्पेक्टेटर'च्या एका अंकात अ‍ॅडिसनने या वाद्यावर विनोदी निबंध लिहिला. पुढे वाद्य गेले आणि शब्द उरला. निषेधाच्या आरोळीपासून रस्त्यावर स्त्रीला उद्देशून केलेल्या अश्लाघ्य हाकेपर्यंत त्याचा अर्थ सरकला.

अलीकडचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत असलेला 'ट्विटर' आणि त्याच घराण्यातील 'ट्वीट' हे पक्ष्यांच्या चिवचिवाटाचे शब्द. २००६ मध्ये सुरू झालेल्या एका संदेशसेवेने पहिला आपल्या नावासाठी घेतला आणि दुसरा तिच्या वापरकर्त्यांनी क्रियापद म्हणून रूढ केला. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने या नव्या अर्थाची नोंद केली, ती नवा प्रयोग किमान दहा वर्षे टिकलेला असावा हा आपला संकेत मोडून. २०२३ मध्ये त्या सेवेचे नाव बदलून 'एक्स' झाले, तरी क्रियापद बोलण्यातून गेलेले नाही. मराठी वर्तमानपत्रांनी याला 'टिवटिव' हा प्रतिशब्द वापरला आणि त्यात मराठी शब्दाची मूळची उपरोधाची छटाही आली : क्षुल्लक गोष्टीवर उगाच केलेली वटवट. इंग्रजी शब्दाचे लिप्यंतर करूनही भागले असते. तरीही अनुकारी शब्दाला अनुकारी शब्दच शोधला गेला, यातून मराठीची ही शक्ती अजून जागी असल्याचे दिसते.

६

मराठीत या शब्दांचे तीन थर स्पष्ट दिसतात. 'चीत्कार', 'केका', 'गुंजारव' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. 'हंबरणे', 'भुंकणे', 'आरवणे' हे परंपरेने रूपांतरित झालेले. आणि 'कावकाव', 'चिवचिव', 'गुरगुर', 'डरांव डरांव' हे द्विरुक्तीने घडलेले. इंग्रजीत 'मू' हा उद्गार, नाम आणि क्रियापद अशी तिन्ही कामे रूप न बदलता करतो. मराठी त्याच कामासाठी द्विरुक्ती करते, 'चिवचिवणे' असा धातू बनवते, 'चिवचिवाट' असे नाम घडवते. एम. बी. एमेनो यांनी १९६९ च्या आपल्या लेखात अशा द्विरुक्त ध्वन्यनुकारी शब्दांची रचना हे आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांना व्यापणारे भारतीय भाषाक्षेत्राचे समान लक्षण असल्याचे दाखवून दिले. दोन्ही कुळांच्या सीमेवर वसलेल्या मराठीच्या दृष्टीने हा विषय परिघावरचा असूच शकत नाही.

अर्थविस्ताराच्या बाबतीतही मराठीची साक्ष म्युलरविरुद्ध जाते. संस्कृतातील 'हम्भा' या गाईच्या आवाजापासून निघालेले 'हंबरणे' मराठीत वासरासाठी आर्त झालेल्या गाईचे झाले आणि त्यातून 'हंबरडा' हा शब्द मनुष्याच्या अनावर शोकासाठी रूढ झाला. मृत्यूच्या प्रसंगी याहून भारी शब्द मराठीकडे नाही, आणि तो गोठ्यातून आलेला आहे. 'कोल्हेकुई' प्रतिपक्षाच्या टीकेसाठी, 'डरकाळी' पुढाऱ्याच्या घोषणेसाठी, 'गुरगुरणे' हाताखालच्यांवर चालणाऱ्या अधिकारासाठी रोज वापरले जाते. काव्याची गोष्ट घ्यावी, तर ज्ञानदेवांच्या प्रसिद्ध विरहिणीत शकुन सांगणारा कावळा 'काऊ' या लाडक्या नावाने येतो. बाळबोलीतले मानले गेलेले रूप तेथे मराठीतील एका श्रेष्ठ आर्ततेचे वाहक होते. मोरोपंतांनी आपल्या अखेरच्या काळातील स्तोत्रकाव्याला 'केकावली' म्हटले; मयूर या आपल्या नावावर श्लेष साधून भक्ताच्या करुणेला मोराच्या केकेचे रूप दिले. लीळाचरित्रात येणाऱ्या कावळ्याच्या शेणाच्या आणि मेणाच्या घराच्या कथेत कावळ्याबरोबर 'साळै' आहे. आजच्या घराघरांतील कथेत तिची जागा 'चिऊ'ने घेतली आहे. जुने नाव मागे पडून आवाजातून घडलेले नाव पुढे येणे, हा इंग्रजीत पाहिलेलाच क्रम येथेही सूचित होतो.

असे असूनही या शब्दांची मराठीतील विद्याक्षेत्रीय अवस्था समाधानकारक नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने असे शब्द मोठ्या संख्येने नोंदवले, हे त्या संपादकांचे ऋण आहे. परंतु व्युत्पत्तीच्या जागी 'ध्व.' एवढे अक्षर आले की पुढील संशोधक शोध संपला असे समजतो. वास्तविक शोध तेथून सुरू व्हावयास हवा. तो ध्वनी कोणत्या प्राण्याचा, कोणत्या प्रदेशात ऐकलेला, कोणत्या काळापासून लेखनात आढळणारा, त्याचे जुने रूप कोणते आणि त्यातून पुढे कोणते अर्थ निघाले, हे प्रश्न त्या एका अक्षराने झाकले जातात. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८० मध्ये अशा शब्दांसाठी 'एकोइक' म्हणजे प्रतिध्वन्यात्मक ही संज्ञा नव्याने योजली. परंतु ती योजून ते थांबले नाहीत, त्यांच्या कोशाने प्रत्येक शब्दाला दिनांकित अवतरणांचा इतिहास दिला. 'मू' केव्हा लेखनात आला हे आज सांगता येते, ते त्यामुळे. 'कावकाव'बद्दल तसे सांगता येत नाही.

शालेय स्तरावर तर 'ध्वनिदर्शक शब्द' ही एक पाठांतराची यादी झाली आहे. हत्तीचा चीत्कार, माकडाचा भुभुःकार, घुबडाचा घुत्कार असे विद्यार्थी परीक्षेसाठी घोकतो. त्यांपैकी कोणता आवाज त्याने ऐकला आहे, हे कोणी विचारत नाही. दुसरीकडे ज्या घरांत मुलाशी प्रथमपासून इंग्रजी शब्दांनी बोलले जाते, तेथे गाय 'हम्मा' राहिलेली नाही. इंग्रजी शब्द शिकण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. 'मू' हा इंग्रजीच्या दृष्टीने जिवंत आणि इतिहास असलेला शब्द आहे, हेच येथवर दाखवले. पण तो इंग्रज कानाने केलेला आहे. तो मराठी मुलाच्या तोंडी बसतो, तेव्हा एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येतो एवढेच घडत नाही. ऐकून शब्द घडवण्याचा मराठीचा स्वतःचा व्यापार एका ठिकाणी थांबतो. आणि हा व्यापार ज्या अनौपचारिक स्तरावर चालतो, तो स्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकाने वा शासकीय परिभाषाकोशाने नंतर भरून काढता येत नाही.

यावर उपाय म्हणून भावनिक आवाहन पुरेसे नाही; काम व्हावयास हवे. जोसेफ राइटने १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा कोश सिद्ध केला, तेव्हा शिष्ट इंग्रजीने नाकारलेले शब्द त्याने गावोगावच्या साहाय्यकांकडून जमवले. मराठी विभागांकडे असे साहाय्यक दर वर्षी आपण होऊन येतात. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि गोमंतक येथून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील पक्षी, जनावरे आणि कीटक यांच्या आवाजांचे शब्द, त्यांचे उच्चार, त्यांवरून पडलेली नावे, त्यांतून घडलेली क्रियापदे व लाक्षणिक अर्थ नोंदवावेत. शब्द कोणाकडून, कोठे आणि कोणत्या प्रसंगी ऐकला हे लिहावे. जुन्या ग्रंथांतील नोंदी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. लघुप्रबंधासाठी विषय नाही अशी तक्रार करणाऱ्यांना येथे पुष्कळ वाव आहे. पावशाचे 'पेर्ते व्हा' ज्यांना अर्थासकट ऐकू येते, अशी पिढी शेताशी नाते असलेली आहे आणि ती वयाने उतरणीला लागली आहे. त्यामुळे या कामाला फार मोठी मुदत नाही.

औपमन्यवापासून म्युलरपर्यंतच्या विद्वानांना हे शब्द खटकले, कारण ते धातूंच्या सुबक व्यवस्थेत बसत नव्हते. परंतु भाषेची व्यवस्था त्यांना वगळून पूर्ण होत नाही, हे इंग्रजीच्या इतिहासावरून दिसते. जुने शब्द झिजतात आणि आवाज हरवतो. मग कोणीतरी पुन्हा कान देऊन ऐकते आणि पालवी फुटते. ती पालवी कोठे आणि कशी फुटते याची नोंद ठेवणे, हे भाषेच्या अभ्यासकांचे साधे कर्तव्य आहे.